दातांचे डॉक्टर आणि बारा थाऊ

आधी शेवंताताईंचं नाव लिहितो, बाकीचं नंतर. बसलोय डॉक्टरांबद्दल लिहायला, पण त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगता याव्यात इतका काळ मी नाशकात टिकलो तो या बाईमुळे. ताई डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होत्या. हत्यारं उकळायच्या, दाढ काढताना पेशंटचं डोकं मागून घट्ट धरायच्या, आणि डॉक्टर मध्येच कुठे गायब झाले की बाहेर बसलेल्यांना "येतील, येतील, पळून नाय जात" असं सांगायच्या. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते पुढे येईल. डॉक्टरांच्या करामती सांगता सांगता त्यांचं नाव राहून जायला नको, म्हणून आधी.

डॉक्टर दातांचे होते आणि त्यांना शर्यतीच्या गाडीचं वेड होतं. गंगापूर रोडला त्यांचा बंगला. तेव्हा तिथे वस्ती विरळ होती. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये एक लाल, दोन दारांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी. कुठल्याशा साखर कारखान्याच्या मॅनेजरकडून त्यांनी ती मोडीत घेतली होती म्हणे. ते रोज सकाळी लोकांचे दात बघायचे आणि दुपारी त्याच हातांनी, बरेचदा त्याच हत्यारांनी, गाडीचं इंजिन उघडून बसायचे. शेडमध्ये पाऊल टाकलं की लवंगतेल आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास यायचा. आजही पेट्रोलपंपावर उभा राहिलो की मला दाढ दुखल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे.

शेडच्या खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवलेला. आता नाशकात कुणी खिडकीला काळा कागद लावला आणि आत मशीनचा आवाज यायला लागला की लोकांच्या मनात एकच येतं, हा नोटा छापतोय. शेजारच्या रिटायर्ड मामलेदारांनी दोनदा पोलिसात कळवलं. पोलीस आले, इंजिन बघितलं, आणि त्यातल्या एकाने जाता जाता अक्कलदाढ दाखवून घेतली. डॉक्टरांना त्याचा राग आला नाही. उलट ते खूश झाले. म्हणाले, "बघ चांदा, संशय घेणारा माणूस जागा असतो. हा मामलेदार या रस्त्यावरचा एकटा जागा माणूस आहे."

चांदा म्हणजे मी. मी चांदा जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा, म्हणून डॉक्टरांनी माझं नावच चांदा करून टाकलं. आठवीनंतर शाळा सुटली. गावाकडे राईस मिलच्या इंजिनावर हात बसला होता. गावातला एक जण सातपूरला कारखान्यात होता, त्याच्या भरवशावर इतक्या लांब आलो, टेम्पररी म्हणून लागलो, आणि काही महिन्यांनी बाकीच्या टेम्पररींसारखा मलाही ब्रेक मिळाला, म्हणजे काम सुटलं. ज्याच्या खोलीवर राहत होतो त्याचं कुटुंब गावाहून येणार होतं. वय बावीस-तेवीस. घरी तोंड कसं दाखवावं याचा घोर, आणि त्यात दाढ ठणकायला लागली.

डॉक्टरांच्या खुर्चीत मी असा पोचलो. त्यांनी तोंड उघडायला लावलं, आत आरसा घातला, दोन्ही गालांत कापूस कोंबला, आणि मग माझ्या नखांकडे बघत विचारलं, "ऑइल इंजिन?"

मी "आँ आँ" केलं.

"व्हॉल्व्ह घासता येतात?"

"आँ."

"कुणी पाठवलं तुला? पिंपळगावहून आलास?"

मी जोरजोरात मान हलवायला गेलो तर मागून शेवंताताईंनी डोकं आणखी आवळलं. डॉक्टर म्हणाले, "हलू देऊ नका. खरं बोलतोय." दाढ निघाली आणि त्याच संध्याकाळी मला नोकरी लागली.

हा त्यांचा ठरलेला रिवाज होता. महत्त्वाचं काहीही विचारायचं किंवा सांगायचं असलं की समोरच्याच्या तोंडात कापूस हवा. ते म्हणायचे, "तोंड मोकळं असलं की माणूस उत्तर तयार करतो. तोंड भरलेलं असलं की फक्त डोळे बोलतात." पेशंटला फी सांगायची ती तशीच, दात काढायचा की ठेवायचा हे विचारायचं तेही तसंच. पेशंट "आँ" म्हणाला की त्याचा अर्थ काय ते डॉक्टर ठरवणार.

त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "बायको म्हणजे घरात कायमचा साक्षीदार." तरीही ते मेन रोडच्या बांगडीवाल्याकडून महिन्याला नखांच्या रंगाच्या बाटल्या आणायचे, आणि अख्ख्या मेन रोडला त्यावरून काय काय बोलायला मिळायचं. रंग लागायचा तो इंजिनाला. प्रत्येक बोल्ट कसला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर लाल रंगाची एक बारीक रेघ. रेघ तुटली म्हणजे कुणीतरी बोल्ट हलवला. मी पहिल्या आठवड्यात न सांगता एक सैल बोल्ट आवळला, तर दोन दिवस माझ्या हातात पाना दिला नाही. संध्याकाळी शेड बंद करताना ते उंबऱ्यावर दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरची पावडर भुरभुरवायचे आणि सकाळी वाकून पावलं बघायचे. मांजराचं पाऊल दिसलं तरी, "मांजर कुणाचं?" ही चौकशी झाल्याशिवाय काम सुरू होत नसे.

पण हात! हात मात्र काय होता त्यांचा. इंजिनाच्या हेडमध्ये हवा आत यायच्या ज्या वाटा असतात, त्या कारखान्यातून खडबडीत येतात. डॉक्टर त्या दाताच्या ड्रिलने आतून कोरत आणि कापडाने घासून काचेसारख्या करत. आरसा आत घालून, मान वाकडी करून, अगदी दाढेत बघावं तसं बघत. किती हवा मावते ते इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल भरून मोजत. व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर नीट बसतो की नाही हे बघायला दातांची चावणी तपासायचा निळा कागद वापरत. कागद मध्ये धरायचा, व्हॉल्व्ह दाबायचा, आणि निळी कडी सगळीकडून सारखी उमटली पाहिजे. मी घासलेल्या व्हॉल्व्हची कडी एका बाजूला फिकट आली की म्हणायचे, "हा डावीकडून चावत नाही. पुन्हा." तासन्‌तास. मला कंटाळा आला नाही. शाळेत कुणी मला एखादी गोष्ट पुन्हा कर म्हणाल्याचं आठवत नाही. सोडून देत, आणि मीही सोडून देत असे.

हे सगळं कशासाठी, तर हौशी लोकांच्या शर्यतीसाठी. मुंबईच्या बाजूला विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा या शर्यती व्हायच्या. डॉक्टर दोन वर्षं गेले होते आणि दोन्ही वर्षं गाडी मध्येच बंद पडून ढकलत आणावी लागली होती. दोन्ही वर्षं पुढे गेला होता तो पिंपळगावचा एक तरुण बागाईतदार. त्याच्याकडे जवळजवळ तशीच गाडी होती. डॉक्टर त्याचं नाव घेत नसत, द्राक्षवाला म्हणत. द्राक्षवाल्याची माणसं आपल्या शेडवर नजर ठेवून आहेत, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या दवाखान्यात निफाड-पिंपळगावकडचा पेशंट आला की भूल देताना त्यांचा हात जरा आखडायचा.

आणि म्हणून ते खोटे आकडे सांगायचे.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांच्यात एक बारीक गॅप ठेवावा लागतो. गार असताना गॅप असला म्हणजे तापून लोखंड फुगलं तरी व्हॉल्व्ह पुरता मिटतो. गॅप कमी पडला तर व्हॉल्व्ह मिटत नाही आणि कडेने जळतो. हा गॅप थाऊमध्ये मोजतात, इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. डॉक्टरांनी गाडीला नव्या घडणीचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा, बसवला होता, त्यामुळे पुस्तकातला आकडा चालणार नव्हता. चालणारा आकडा त्यांनी स्वतः शोधला होता आणि तो त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हता. गॅप लावायची वेळ आली की सगळे बाहेर, दाराला आतून कडी.

पण नुसतं लपवून त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी प्रत्येकाला एक-एक वेगळा खोटा आकडा सांगून ठेवला होता, आणि प्रत्येकाला वाटावं की हे फक्त आपल्याला सांगितलंय. द्राक्षवाल्याने ज्या आकड्यावर गाडी लावली, त्या आकड्याचा माणूस चोर. सापळा असा होता. अर्थात हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांनी आपल्यावर एवढा भरवसा टाकला, या विचाराने मी तर दोन दिवस हवेत होतो.

असा आकडा मिळालेला दुसरा माणूस यासीनभाई. त्यांचं सातपूरला छोटं लेथचं दुकान होतं, कॅमशाफ्टचं काम त्यांनीच केलं होतं. उंच, पान खाणारे, आणि दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत कधीही न बसलेले. "तुमच्याकडे लोखंड घेऊन येईन, डॉक्टरसाब, पण जबडा नाही आणणार," असं तोंडावर सांगायचे. माझ्या बोलण्याची त्यांना फार मजा वाटायची. मी "काम करून राहिलो" म्हटलं की ते म्हणायचे, "अरे भाई, करून राहिलास की करून टाकलंस? तुमच्या चांद्याला काम संपतं की नाही?" पण तेही माझ्याशी जपूनच असायचे. त्यांना वाटायचं मी डॉक्टरांचा हेर आहे. मला वाटायचं शेवंताताई डॉक्टरांना माझ्या बातम्या पुरवतात. ताईंना वाटायचं यासीनभाईंचं दुकान द्राक्षवाल्याचंही काम करतं. डॉक्टरांना आम्ही तिघंही तसेच वाटायचो. असं असूनही दुपारी चहा एकत्रच व्हायचा, कारण डॉक्टरांचा नियम होता की सगळे डोळ्यांसमोर हवेत.

ताईंबद्दलचा माझा संशय फिटला तो खोलीवरून. गावच्या माणसाचं कुटुंब आलं तेव्हा मी एका देवळाच्या ओवरीत पथारी टाकत होतो. एकट्या परगावच्या पोराला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. ताईंना कसं कळलं कोण जाणे. त्यांच्या कॉलनीतल्या घराला मागे एक पडवी होती, पत्र्याची. म्हणाल्या, "आमच्यात राहायला चालंल ना तुला? आधी विचारते. नंतर पाणी प्यायला लाजशील." मी म्हटलं, "ताई, मी आजच येऊन राहिलो." त्या हसल्या. "आलास की येऊन राहिलास?" यासीनभाईंचा विनोद तोवर सगळीकडे पोचला होता.

त्या वर्षीची शर्यत जवळ आली. रविवारी शर्यत होती. त्याआधीच्या मंगळवारी इंजिन तापवून, गार करून, हेडचे बोल्ट पुन्हा आवळले. आता फक्त गॅप लावायचा होता. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे मला बाहेर काढायला तोंड उघडलं, एवढ्यात दवाखान्यातून आरडाओरडा. सायकलवरून पडलेली शाळेतली मुलगी, पुढचे दात आत गेलेले, आई रडतेय. डॉक्टर ग्रीसचे हात तसेच पुसत धावले. दुपार त्यातच गेली. बुधवारी सकाळी सावळ घाटात गाडी पळवून बघायची होती, आणि ते मला पक्कं माहीत होतं. शेवटी दवाखान्याच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, "चांदा, गॅप लावून टाक! तुला सांगितलाय तेवढा!"

मला सांगितला होता बारा. मी बारा लावला. जन्मात इतक्या काळजीने काही केलं नसेल. प्रत्येक व्हॉल्व्हला गेजची पट्टी तीन-तीनदा सरकवून बघितली, आणि नंतर लाल रेघाही मीच ओढल्या, त्यांच्यासारख्या.

बुधवारी सकाळी आम्ही पेठ रोडने निघालो. चढ लागेपर्यंत गाडी छान गेली. घाटात डॉक्टरांनी ती अशी पिळली की माझी टोपी मागे उडून गेली. तिसऱ्या फेरीला इंजिन अडखळलं, फटफटायला लागलं, आणि परत येताना ते तीनच सिलिंडरवर चालत होतं. मी दोनदा "काय झालं असेल?" विचारलं, तर डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

हेड उतरवलं. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळलेला, किडलेल्या दातासारखा खड्डा पडलेला. डॉक्टरांनी गेज घेऊन उरलेले गॅप आधीच तपासले होते. ते उठले, हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि म्हणाले, "आत ये. खुर्चीत बस."

दवाखाना दुपारचा बंद होता. मी खुर्चीत बसलो. त्यांनी वरचा दिवा माझ्या तोंडावर लावला. कापूस मात्र घातला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"किती लावलास?"

"बारा, डॉक्टर साहेब. तुम्ही सांगितला तेवढा."

"खरा आकडा अठरा आहे."

मला काही कळेना. मी म्हटलं, "पण तुम्ही तर..."

"खोटा सांगितला होता. सगळ्यांना खोटा सांगितलाय. काल घाईत विसरलो आणि खिडकीतून ओरडलो, ती चूक माझी. तू पंधरा लावला असतास तर मी माझंच कपाळ बडवून घेतलं असतं." ते वाकले. "कारण तुला मी पंधरा सांगितला होता. बारा सांगितला होता यासीनला. मग तुझ्याकडे बारा आला कुठून?"

मी सांगत राहिलो की नाही साहेब, मला बाराच सांगितला होता. ते ऐकतच नव्हते. त्यांच्या मनात सगळं जुळलं होतं. मी आणि यासीनभाई एकमेकांशी आकडे बोललो, म्हणजे आम्ही एक आहोत, म्हणजे पलीकडून द्राक्षवाला आहे, म्हणजे व्हॉल्व्ह मुद्दाम जाळला. ते शांतपणे म्हणाले, "सामान आवर. सातपूरला, द्वारका नाक्याला, जिथे जिथे इंजिन उघडतात तिथे मी सांगणार आहे, हा मुलगा विकला जातो म्हणून."

ते सांगतील याबद्दल मला शंका नव्हती. डॉक्टर खोटे आकडे सांगायचे, पण अशी धमकी कधी खोटी देत नसत. निम्म्या नाशकातल्या गॅरेजवाल्यांचे दात त्यांच्याकडे होते. त्यांचा शब्द गेला की मला कुणी पान्याला हात लावू दिला नसता, आणि गावी परतायचं तर काय सांगून परतायचं?

ताई आतल्या खोलीत हत्यारं उकळत होत्या. हातात चिमटा तसाच घेऊन बाहेर आल्या.

"डॉक्टर, याला बाराच सांगितला होता तुम्ही."

"तुम्ही आत जा, शेवंताबाई."

"जाते. पण बारा सांगितला होता. याच खुर्चीत. दुसरी दाढ भरली ना तुम्ही याची, तेव्हा."

"आणि तुम्ही काय ऐकत उभ्या होता?"

"मी याचं डोकं धरलं होतं! दोन्ही हात डोक्याला. कान कुठं ठेवू?"

डॉक्टर ताठ झाले. "म्हणजे तुम्हीही सामील."

"मला वीस सांगितलाय तुम्ही. मागच्या महिन्यात, माझी दाढ तपासताना. मला काय करायचेत वीस? मी भाजीत घालू?"

मला हसूही येईना आणि रडूही येईना. डॉक्टर म्हणाले, "यासीनला विचारलं तर तो तुमचीच री ओढेल. सगळे मिळून आहात."

ताईंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. औषधांच्या कपाटाची, दवाखान्याच्या दाराची, सगळ्या किल्ल्या त्यात होत्या. तो त्यांनी हत्यारांच्या टेबलावर, डॉक्टरांच्या हाताशी ठेवला.

"मग दोघांना काढा. यासीनभाईंचं सोताचं दुकान हाय, त्यांना काढता यायचं नाय. उद्या सकाळी पेशंट आले की डोकं तुम्हीच धरा आन्‌ दाढ पण तुम्हीच काढा."

मग डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं, "याच्या तोंडात कापूस होता?"

"दोन्हीकडं. मीच कात्रीनं कापून दिला."

डॉक्टर खिडकीपाशी गेले. पाठ करून उभे राहिले. मी खुर्चीत, ताई टेबलापाशी. आणि मग ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "यासीन या खुर्चीत कधी बसलेला नाही. त्याला मी चहा पिताना सांगितला होता. पंधरा. चहाच्या वेळी पंधरा. कापसाच्या वेळी..." आणि थांबले.

माफी त्यांनी मागितली नाही. ते वळले, दिवा बंद केला, आणि मला म्हणाले, "खुर्ची अडवून बसू नकोस. जुना व्हॉल्व्ह शोध, घासायला घे. निळी कडी पुरी आली पाहिजे." किल्ल्यांकडे बोट करून ताईंना म्हणाले, "ह्या हरवतील तिथे." म्हणजे उचला. ताईंनी लगेच उचलल्या नाहीत. आधी आत जाऊन गॅस बंद केला, पदराला हात पुसले, आणि मग उचलल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी सातपूरहून यासीनभाईंना बोलावून घेतलं, आम्हा तिघांना शेडमध्ये उभं केलं, आणि सत्यनारायणाच्या कथेला बसावं तशा गंभीरपणे सांगितलं, "गॅप अठरा." यासीनभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, ये असली है क्या?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की यासीनभाईंनी खिशातलं पान काढून तोंडात टाकलं. शुक्रवारी मी सहज गेज घालून बघितलं तर गॅप एकोणीस होता. आम्हाला अठरा सांगून त्यांनी रातोरात एकोणीस केला की खरा आकडा पहिल्यापासूनच एकोणीस होता, हे मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही. पण लाल रेघा ओढायची बाटली त्या दिवसापासून माझ्याकडे आली. त्यांच्याकडून त्याहून जास्त भरवसा मी कधी बघितला नाही.

रविवारी गाडी शेवटपर्यंत धावली. तिसरी आली. द्राक्षवाला पहिला. गर्दीत तो माझ्यापाशी आला, गोरा, हसरा माणूस, अगदी आपलेपणानं म्हणाला, "काय रे मित्रा, टॅपेटला किती ठेवता तुम्ही?" मी म्हटलं, "डॉक्टरांनाच इचारून घ्या ना, साहेब." तो मोठ्याने हसला आणि गेला. मागे वळून बघतो तर डॉक्टर चार हातांवर, दुसरीकडे बघत उभे. मग काही वर्षांनी मला कळलं की हे दोघं दर दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाला जातात. तो प्रश्न त्याने आपल्या मनाने विचारला की डॉक्टरांनी त्याला पाठवला? मला संशय आहे. डॉक्टरांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांत मी तेवढं तर शिकलोच.

पुढे बरीच वर्षं मी तिथे होतो. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास डॉक्टरांनी गाडी विकली, घेणाऱ्याची तीनदा चौकशी करून. मी गावाकडे परत आलो तो स्वतःचं गॅरेज टाकायला, मान वर करून. डॉक्टर आता नाहीत. शेवटच्या आजारात म्हणे नर्सने दिलेली प्रत्येक गोळी आधी भिंगातून बघायचे आणि मग तिला विचारायचे, "तुम्हाला किती सांगितल्यात?"

पण शर्यतीहून परत येतानाची एक गोष्ट राहिली. डॉक्टर पुढे गाडीत होते. मी आणि यासीनभाई मागून टेम्पोत, सामानाबरोबर. कसाऱ्याचा घाट चढताना मी त्यांना किल्ल्यांची हकीकत सांगितली. ते पान थुंकायचं विसरले. म्हणाले, "ताईने चाव्या ठेवल्या? अरे, तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद आहे. टाळं लागलंय. दिवाळीपासून घर त्या एका पगारावर चाललंय, तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याच पडवीत राहत होतो, सकाळी त्यांच्याच चुलीवरचा चहा पीत होतो, आणि मला माहीत नव्हतं. त्यांचा नवरा रोज वेळेवर डबा घेऊन बाहेर पडायचा. तो युनियनच्या मंडपात जाऊन बसायचा हे मला त्या टेम्पोत कळलं. घरी गेल्यावर मी ताईंसमोर उभा राहिलो. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "कितवी आली गाडी?" मी म्हटलं, तिसरी. म्हणाल्या, "मग बस, जेव."

ताई आता नाशकातच, मुलीकडे असतात. दिवाळीला मी जातो, साडी नेतो, त्या "कशाला रे" म्हणतात. साडीने काही फिटत नाही हे आम्हा दोघांनाही कळतं. त्यांनी जे केलं ते तसंच परत करायचं, तर आधी ताईंवर तशी वेळ यायला हवी, कुणीतरी त्यांच्याकडे किंवा त्यांच्या माणसाकडे बोट दाखवायला हवं. ते व्हावं असं मी कसं म्हणू? तेव्हा न होवो. पण ताई, कधी तुमच्यावर, तुमच्या लेकीवर, नातवावर कुणी असा आळ घेतला, तर मला नुसतं कळू द्या. माझ्या गॅरेजच्या, घराच्या, असतील नसतील तेवढ्या किल्ल्या घेऊन मी येईन आणि त्या माणसाच्या टेबलावर ठेवीन. आपली बाजू काय आहे ते मला गाडीतून उतरल्यावर सांगा. नाही सांगितलं तरी चालेल.